डिकीतला कोरा कोपरा

१

आर्डिथ पिलार्स्की यांनी डिकी उघडली, डाव्या बाजूच्या चाकाच्या फुगवट्यामागे हात घातला, बोटांनी थोडा वेळ काहीतरी चाचपलं आणि डिकी सावकाश बंद केली. मग मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "रॉजर, ही आपली गाडी नाही."

त्या दिवशी त्यांना एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. बे सिटीतल्या त्यांच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती. टेबलावर पिरोगींची, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांची, परात होती, शेगडीवर सॉसेज भाजत होते. आणि दारात गडद निळी हॅडली सेबर उभी होती, १९६७ची, आरशासारखी. त्यांच्या नवऱ्यानं, कॅसनं, ती कोरी असताना घेतली होती. कॅस जाऊन सहा वर्षं झाली होती. रॉजरनं चौदा महिने आमच्या गॅरेजमध्ये तिचं काम करून घेतलं होतं, आईला भेट म्हणून.

अंगणात हशा झाला.

हार्लन बिटनर पुढे आले. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष, कॅसचे शाळेपासूनचे मित्र. कुठल्या कारखान्यातून कुठल्या महिन्यात कुठला रंग निघाला, याची क्लबची पुस्तिका त्यांनीच लिहिलेली. त्यांनी आर्डिथबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं, की रंग नवा, गाद्या नव्या, वासही नवा, तेव्हा परकं वाटणारच.

रॉजरनं दार उघडून चौकटीवरची कारखान्याच्या नंबराची पाटी दाखवली. आर्डिथबाईंनी वाकून पाहिलं. पाटीचा खालचा कोपरा जरा मुडपलेला होता. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात दाराचा बर्फ खरवडताना कॅसनं तो मुडपला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

"पाटी आपलीच आहे," त्या म्हणाल्या. "गाडी नाही."

रॉजरनं डोळे मिटून घेतले. इंजिनाचा पुरावा काढायलाही जागा नव्हती, कॅसनं ते एक्क्याऐंशी सालीच बदललेलं. पाहुणे एकमेकांकडे बघत ताटल्या उचलू लागले.

मी लेन हुक्स्ट्रा. डेल ऑस्टरहाउटच्या गॅरेजमध्ये चौदा वर्षं रंगारी आहे आणि त्या गाडीच्या डिकीचा रंग माझ्या हातचा. लोक केक खाऊन पांगले तेव्हा रॉजर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, की गुरुवारी आईची स्मरणशक्तीची तपासणी आहे. त्याच्या कोटाच्या खिशातून एका वृद्धनिवासाचं रंगीत माहितीपत्रक डोकावत होतं. "आज जे झालं ते डॉक्टरांना सांगावंच लागेल," तो म्हणाला.

मी मान हलवली. पण त्या डिकीबद्दल वर्षभरापूर्वी मला एक गोष्ट खटकली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

२

डिकीच्या रंगाचं कसब बाहेरच्याला सांगून पटत नाही. साठच्या दशकात कारखान्यात डिकीच्या पत्र्याला शिंतोड्यांचा रंग मारायचे. काळ्या जमिनीवर हिरवट निळे आणि पांढरे ठिपके, सगळे एकाच स्प्रे गनमधून एका दमात येणारे. त्यात वेल्डिंगचे व्रण लपायचे, ओरखडे दिसायचे नाहीत. आज तो रंग हुबेहूब आणायचा तर गनची हवा किती, पत्र्यापासून हात किती लांब, रंग किती ढवळायचा, सगळं जुळावं लागतं. हवा जरा जास्त झाली की ठिपक्यांची धूळ होते, कमी झाली की ओघळ येतात.

मला हे विला मे टॅलिफेरो यांनी शिकवलं. त्या सॅगिनॉला राहतात. वय शहात्तर. हॅडलीच्या सॅगिनॉ कारखान्यात एकोणीस वर्षांच्या असताना लागल्या आणि तो बंद पडेपर्यंत डिक्या रंगवल्या. त्यांना सगळे मिस विला म्हणतात, मीही. चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायचं काम त्यांच्याकडे असतं आणि त्यांनी एकदा बोट दाखवलं की माणूस मुकाट तिथेच बसतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आर्डिथबाईंकडे घेऊन गेलो. मिस विलांनी डिकी उघडून बराच वेळ पाहिलं. माझं काम त्यांना आवडलं, असं मला वाटलं.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "जरा जास्तच. कारखान्यात आम्हाला एका डिकीला पन्नास सेकंद मिळायचे, पोरा. असं कुणाला जमायचं?"

मग त्यांनी दाराच्या चौकटीवरची पाटी वाचली. सॅगिनॉ कारखाना, एप्रिल १९६७, तिसरा आठवडा, दुसरी पाळी. आर्डिथबाईंना त्यांनी एकच विचारलं, की काल डिकीत हात घालून काय शोधत होतात.

आर्डिथबाईंनी सांगितलं. गाडी घेतली त्या उन्हाळ्यात ती दोघं उत्तरेला गेली होती आणि डिकीत चेरीची बरणी फुटली होती. गुडघ्यावर बसून पुसताना त्यांना डाव्या फुगवट्यामागे तळहाताएवढी जागा कोरी दिसली, रंगच लागलेला नव्हता. तक्रार कर म्हणून त्या कॅसच्या मागे लागल्या. कॅस हसून म्हणाला होता, कुणाचा तरी हात पोचला नसेल, जाऊ दे. तिथे गंज धरू नये म्हणून आर्डिथबाई दर शरदात बोटानं व्हॅसलीन लावायच्या. पन्नास वर्षं.

"डोळ्यांनी मी विसरेन," त्या म्हणाल्या. "बोटांनी नाही."

मिस विला खुर्चीत मागे रेलल्या.

"त्या पाळीला त्या जागी मी होते. उजव्या हाताच्या माणसाची गन उजव्या फुगवट्यामागे वळत नसे, म्हणून त्यांचा उजवा कोपरा राहायचा. क्लबच्या पुस्तिकेत लिहिलंय तेही उजव्या कोपऱ्याबद्दलच." त्यांनी डावा हात वर केला. "मी डावखुरी आहे. डावा कोपरा फक्त माझ्या गाड्यांचा राहायचा. फोरमन रोज ओरडायचा. हे ना कुठे छापलंय, ना या बाईंना कुणी सांगितलंय."

मला पटलं. पण लगेच लक्षात आलं, की एवढ्यानं भागत नाही. पत्र्यावरचा सगळा जुना रंग मी रंग सोडवायचं औषध लावून खरवडला होता, कोपरे नव्यानं भरले होते. पूर्वी तिथे कोरी जागा होती की नव्हती, आता कोण सांगणार?

मिस विला माझ्याकडे रोखून बघत होत्या. "जुन्या रंगाचं काहीच ठेवलं नाहीस? मी तुला असं शिकवलं होतं?"

ठेवलं होतं.

३

मी कुठल्याही डिकीत काडेपेटीएवढा जुना रंग तसाच ठेवतो. स्टेपनी ज्या पट्टीनं आवळतात तिच्याखाली, जिथे कुणी बघत नाही. पुढे कुणाला ताडून बघायचं असेल तर असावा.

रॉजरला आम्ही बोलावून घेतलं. तो आला, हाताची घडी घालून उभा राहिला. मी पट्टीचे स्क्रू काढले. खाली काळ्या रंगाचा तुकडा होता, त्यावर हिरवट निळे ठिपके. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर घेऊन मी त्या तुकड्याच्या मधोमध गोल गोल घासू लागलो. असं घासलं की रंगाचे थर कापलेल्या कांद्यासारखे एकाआत एक दिसू लागतात.

काळ्याच्या आत थेट पत्र्यावरचं तांबडं अस्तर दिसायला हवं होतं. तसं दिसलं नाही. काळ्याच्या आत करडं वर्तुळ उमटलं, त्यावर पांढरे आणि गडद निळे ठिपके. तांबडं अस्तर त्याच्याही खाली होतं.

"करडा," मिस विला म्हणाल्या. "तो ओहायोच्या कारखान्यातला. आमच्याकडे करड्याचं पिंपसुद्धा कधी आलं नाही."

म्हणजे पाटी सॅगिनॉची आणि गाडी ओहायोची. एखादा गंजलेला तळ बदलला असेल म्हणावं, तर तसंही नव्हतं. ती पट्टी ज्या पत्र्यावर होती त्याचे वेल्डिंगचे ठिपके कारखान्याचेच, अखंड होते. म्हणजे तो पत्रा पहिल्यापासून याच गाडीचा.

मिस विलांनी भिंगातून वरचा काळा थर पाहिला. "आणि हे बघ. सगळे ठिपके मोहरीसारखे, एका मापाचे. कारखान्याच्या गनमधून लहान-मोठे यायचे. हा दुकानातल्या डब्याचा फवारा आहे."

तेव्हा मला कबूल करावंच लागलं. गाडी आमच्याकडे आली तेव्हाच ते ठिपके मला खटकले होते. वाटलं, मालकानं घरी काहीतरी डागडुजी केली असेल. डेल घाई करत होता. मी औषध ओतलं, सगळा रंग लगदा होऊन निघाला, आणि मी गप्प बसलो.

रॉजरनं एकदा आईकडे पाहिलं. मी त्याला वर्षभराहून जास्त ओळखतो, पण त्याचा चेहरा तसा झालेला कधी पाहिला नव्हता. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा आवाज बदलला.

"चौदा महिने गाडी तुमच्याच ताब्यात होती," तो म्हणाला.

४

डेल ऑस्टरहाउटला हे कळायला तासही लागला नाही. त्यानं मला ऑफिसात उभं केलं आणि स्पष्ट सांगितलं, की गावात ही गोष्ट पसरली तर गॅरेजला कुलूप लागेल. गाडी त्यानं बदलली नाही हे त्याला माहीत होतं. मग उरलो मी. गुरुवारपर्यंत खरं काय ते समोर आलं नाही, तर माझी हत्यारांची पेटी उचलून मी चालतं व्हावं.

मिस विला बाहेर गाडीत बसायला तयार नव्हत्या. त्या आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि डेलला म्हणाल्या, की ओरडून झालं असेल तर एक विचारायचंय. गाडी आली तेव्हा डिकी बघितली होती का?

डेल म्हणाला, डिकी लेन बघतो. त्यानं बघितला तो क्लबचा दाखला. काम हाती घ्यायच्या आधी तो नेहमी मागतो, म्हणजे नंतर भांडण नको. दाखल्यावर लिहिलं होतं, डिकीचा रंग कारखान्याचा, हात न लागलेला. खाली हार्लन बिटनरची सही.

मिस विलांनी तो कागद मागून घेतला.

परतताना पुलाजवळ मिस विला म्हणाल्या, "तोंड पाडू नकोस. तू नाहीस, डेलही नाही. तो डब्याचा काळा थर कुणाला फसवायला मारला असेल?"

मी म्हटलं, जो डिकी उघडेल त्याला.

"आणि पहिल्यांदा ती उघडणार कोण होतं? तूच. गॅरेजवाल्यांनीच गाडी बदलली असती तर त्यांनी तो थर कशाला मारला असता? तुम्ही तर सगळं खरवडणारच होतात. बंद दाराआड करडा रंग उडवायचा आणि काळा मारायचा, झालं. तो थर आहे याचा अर्थ गाडी तुमच्याकडे यायच्या आधीच बदलली होती. तुम्हाला फसवायला तो मारला."

म्हणजे मी सुटलो. पण मग उरत कोण होतं, ते लक्षात आल्यावर बरं वाटेना.

रॉजर आईच्या स्वयंपाकघरात बसला होता. आर्डिथबाई वरच्या खोलीत होत्या. मिस विलांनी त्याला आरोप वाटेल असं काही विचारलं नाही. बाप गेल्यावर काय काय झालं ते सांग, एवढंच म्हणाल्या. त्यानं सांगितलं ते असं. कॅस गेला. चार वर्षं गाडी इथेच होती. मग नदीचं पाणी गॅरेजमध्ये घुसलं आणि गाडी हार्लनकाकांच्या शेतावरच्या कोठारात हलवली. तिथे ती वर्षभर राहिली. कोठाराची एक किल्ली त्यांच्याकडे, एक रॉजरकडे. तो लान्सिंगला राहतो, आईकडे येणं फार होत नव्हतं, याची त्याला लाज वाटत होती. म्हणून भेट द्यायचं ठरवलं.

"गाडी नवी करून द्यायची, हे तुझ्या डोक्यात कसं आलं?"

"हार्लनकाकांनी सुचवलं," रॉजर म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. मग स्वतःच म्हणाला, "पण तुम्ही मलाही धरत असाल ना? किल्ली माझ्याकडेही होती."

"धरलं होतं. आईच्या सगळ्या सह्या तूच करतोस ना?"

"हो."

"मग तुला गाडी हवी असती तर एक सही पुरली असती. दुसरी गाडी शोध, रंगव, चौदा महिने थांब, एवढा उपद्व्याप कशाला करशील?" मिस विला उठल्या. "आईला खाली बोलाव. आपल्याला एकाकडे कॉफीला जायचंय."

५

हार्लन बिटनर यांनी आम्हा चौघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ओतली. हात स्थिर होता. त्यांनी आर्डिथबाईंना प्रकृतीबद्दल विचारलं, गुरुवारच्या तपासणीबद्दल धीर दिला. भिंतीवर त्यांचा आणि कॅसचा फोटो होता, दोघं विशीतले, सेबरच्या बॉनेटवर बसलेले.

मिस विलांनी दाखला टेबलावर ठेवला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"डिकी स्वतः पाहिली होतीत?"

"दिवा लावून. नेहमीप्रमाणे."

मिस विलांनी त्यांना करड्या वर्तुळाबद्दल सांगितलं, मोहरीसारख्या ठिपक्यांबद्दल सांगितलं. हार्लननी शांतपणे ऐकून घेतलं. वय झालं, ते म्हणाले, नजर चुकली असेल. डब्याचे फवारे हल्ली फार चांगले मिळतात.

"पुस्तिकेच्या अठराव्या पानावर तुम्हीच लिहिलंय, की डब्याचा फवारा हातभर अंतरावरून ओळखू येतो," मिस विला म्हणाल्या. "मागच्या वर्षी एका प्रदर्शनात अशाच डिकीसाठी तुम्ही एका बिचाऱ्याला बाद केलंत. दाखल्याच्या आदल्याच महिन्यात. तेव्हा नजर ठीक होती."

मिस विलांनी दाखल्याची घडी घातली.

"पण मला खरं कोडं पडलं ते पाटीचं. मी रात्रभर नाही, पण दुपारभर विचार केला. चोर गाडी का चोरतो? विकायला. जुनी गाडी विकायची तर पाटी हवी. पाटीशिवाय ती गाडी बाजारात कुणी उभी करून घेणार नाही. तेव्हा विकणारा खरी पाटी स्वतःकडे ठेवेल आणि या बाईंच्या गळ्यात खोटी मारेल. इथे उलट झालंय. पाटी खरी परत आली, मुडपलेल्या कोपऱ्यासकट. नेली ती फक्त गाडी. म्हणजे ज्यानं नेली त्याला ती कधीच विकायची नव्हती. कुणाला दाखवायचीही नव्हती." त्यांनी हार्लनकडे पाहिलं. "त्याला ती फक्त हवी होती."

खिडकीबाहेर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. हार्लननी कप उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"आणि नवी करून घ्या, हा सल्लाही त्याचाच," रॉजर म्हणाला. "नवी केली की जुनं काही ओळखू येत नाही. आई काही म्हणाली तरी सगळे म्हणणार, रंग नवा आहे, गाद्या नव्या आहेत. काका, तुम्ही तेच म्हणालात. तिच्या खांद्यावर हात ठेवून. आणि मी तिला वृद्धनिवासात पाठवायला निघालो होतो."

हार्लन त्याच्याकडे बघत नव्हते. आर्डिथबाईंनी कप बाजूला सारला.

"हार्लन, कुठे आहे ती?"

हार्लननी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"तुझ्या कोठारात नाही, ते मला माहीतय. येतानाच रॉजर तिथे डोकावून आलाय. कुठे आहे?"

हार्लन बिटनर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या क्षणी ते एकदम त्याहून म्हातारे दिसले. त्यांनी खिशात हात घातला आणि एक किल्ली काढून टेबलावर ठेवली.

६

त्यांच्या बहिणीचं घर पिनकॉनिंगच्या रस्त्यावर होतं. ती वारल्यापासून रिकामं. मागच्या शेडमध्ये घेवड्याच्या रिकाम्या पेट्यांची भिंत रचली होती. रॉजरनं आणि मी ती काढली. हार्लन दाराशी उभे राहून बोलत होते, कुणी न विचारता.

कॅसकडे त्यांनी ती गाडी अकरा वेळा मागितली होती. घेतली त्या दिवशी शोरूममध्ये दोघं बरोबर होते. एकच गाडी होती आणि कॅसनं आधी हात वर केला. पुढे हार्लननी कितीतरी गाड्या घेतल्या, विकल्या, पुस्तिका लिहिली, अध्यक्ष झाले. पण ती एक नाही. कॅस गेल्यावर गाडी त्यांच्याच कोठारात आली, आणि एक दिवस ओहायोत तशीच एक गाडी विक्रीला असल्याचं त्यांनी वाचलं. "मी तिला काहीच केलं नाही," ते म्हणाले. "रविवारी येऊन नुसता आत बसायचो."

पेट्यांच्या मागे बिछान्याच्या चादरी टाकलेल्या होत्या. रॉजरनं त्या ओढल्या.

निळा रंग जागोजागी विटलेला होता. ड्रायव्हरच्या सीटवर कॅसच्या कमरेएवढा खळगा पडला होता. नवी करून दिलेल्या गाडीपुढे ही गरीब दिसत होती, आणि तरी तिच्यावरून नजर हटेना.

आर्डिथबाई सरळ मागे गेल्या. डिकी उघडली, पण हात घातला नाही. त्यांनी मिस विलांना पुढे केलं.

"तुम्ही बघा. तुमचं काम आहे."

मिस विला वाकल्या. डावा हात फुगवट्यामागे गेला आणि तिथेच थांबला. मी दिवा धरला. तळहाताएवढी जागा होती, तांबडं अस्तर उघडं, वर व्हॅसलीनचा जुना थर आणि त्याला चिकटलेली धूळ. गंजाचा ठिपकाही नाही.

"छप्पन्न वर्षं," मिस विला म्हणाल्या. "फोरमन म्हणायचा, तुझ्या हातचं कुणी दोन वर्षं टिकवणार नाही."

"मी टिकवलं," आर्डिथबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. मला दिव्याचा हात बदलावा लागला, कारण माझा चेहरा त्यांना दिसू नये असं वाटत होतं.

रॉजरनं खिशातून फोन काढला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. आर्डिथबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पोलीस हार्लनला दोन प्रश्न विचारतील आणि मला वीस. माझी गाडी मिळाली. अजून एक गोष्ट गेलीय, ती मला हार्लनकडूनच परत हवीय." त्या दाराकडे वळल्या. "तू शनिवारी प्रदर्शनाला येशील. मी सांगेन ते करशील. नाहीतर रॉजरला मी थांबवणार नाही."

हार्लननी मान खाली घातली आणि होकार दिला.

७

गुरुवारी आर्डिथबाई तपासणीला गेल्याच. रॉजर नको म्हणत होता, पण त्यांना जायचंच होतं. डॉक्टरांनी पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. त्यांनी पाचही सांगितले आणि वर डॉक्टरांच्या टायवर किती बदकं आहेत तेही सांगितलं. वृद्धनिवासाचं माहितीपत्रक रॉजरनं दवाखान्याच्या दारातल्या कचराकुंडीत टाकलं. आता तो दर आठवड्याला येतो आणि आर्डिथबाई म्हणतात, जरा जास्तच येतो.

डेलनं माझी माफी मागितली, म्हणजे त्याच्या पद्धतीनं. सकाळी माझ्या पेटीवर गरम डोनट ठेवलेला होता. ओहायोच्या गाडीचं काय करायचं, यावर मिस विलांचं म्हणणं होतं, की तिचा काही दोष नाही, तिला तिचा रंग द्यावा. मी ती डिकी पुन्हा खरवडली आणि करड्यावर पांढरे-निळे शिंतोडे मारले. सरावाच्या पहिल्या तीन पत्र्यांवर ओघळ आले, चौथ्यावर हवा जुळली. मिस विला बघायला आल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

शनिवारी मैदानावर दीडशे गाड्या उभ्या होत्या. पाटी पुन्हा मूळ चौकटीवर बसवलेली सेबर, विटलेल्या रंगासकट, मधल्या रांगेत होती. आर्डिथबाईंनी ती धुवायलासुद्धा दिली नव्हती. तिच्याभोवती गर्दी होती आणि मिस विला डिकीपाशी उभ्या राहून लोकांना एकेक करून आत बघू देत होत्या, चर्चमध्ये जागा दाखवतात तशाच.

दुपारी बक्षिसांची वेळ झाली. अध्यक्ष म्हणून हार्लन व्यासपीठावर चढले. समोर सातशे-आठशे माणसं. पहिल्या रांगेत आर्डिथबाई, निळ्या पोशाखात, पर्स मांडीवर.

हार्लननी माइक हातात घेतला. आपण पद सोडत आहोत, ते म्हणाले. गाडी बदलली ती आपण. कुणी सांगितलं नाही, कुणी मदत केली नाही. मित्राच्या बायकोचा विश्वास आपण मोडला. इतकं ते नीट बोलले. मग थांबले, कागदाकडे पाहिलं आणि आवाज खाली गेला. पुढचं वाक्य माइकमध्ये नुसतं पुटपुटल्यासारखं आलं.

आर्डिथबाई उठून उभ्या राहिल्या.

"मोठ्यानं बोल, हार्लन. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

हार्लननी कागद खाली ठेवला, माइक जवळ घेतला आणि सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आर्डिथ पिलार्स्कीला सगळं बरोबर आठवत होतं. पहिल्यापासून. चुकीचे आम्ही होतो."

आधी मिस विलांनी टाळी वाजवली. मग रॉजरनं, मग डेलनं, आणि मग सगळं मैदान उभं राहिलं. आर्डिथबाईंनी टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली नाही. पर्स काखेत मारली, मिस विलांना हाताला धरून गाडीपर्यंत नेलं, शेजारी बसवलं आणि चावी फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. हॉर्न वाजवत त्यांनी गाडी दोन रांगांच्या मधून बाहेर काढली आणि फाटकातून उत्तरेच्या रस्त्याला लावली. मूळ रूप जसंच्या तसं जपल्याबद्दल सेबरला बक्षीस जाहीर व्हायचं होतं आणि तीच निघून गेली होती, म्हणून ते बक्षीस घ्यायला मला वर जावं लागलं.